उसाने आखलेला फेरा : हवाईची बंदरे आणि आजची क्रूझ

होनोलुलूहून शनिवारी संध्याकाळी सुटणारे ‘प्राइड ऑफ अमेरिका’ हे जहाज आठवडाभरात हवाईच्या चार मोठ्या बेटांचा फेरा पुरा करते. रविवार आणि सोमवार माउईवरच्या काहुलुईला, मंगळवारी हवाई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर हिलोला, बुधवारी त्याच बेटाच्या पश्चिमेला कोनाला, गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारपर्यंत काउआईवरच्या नाविलिविलीला, आणि पुढच्या शनिवारी सकाळी पुन्हा होनोलुलूला. सगळा दिवस समुद्रातच गेला असे या आठवड्यात एकदाही होत नाही. जहाज मुख्यतः रात्री चालते आणि दिवस बंदरात काढते. सहल आखायला बसलेल्या माणसाला वाटते की ही बंदरे तिथल्या सौंदर्यामुळे निवडली असणार, कोणी जाणकाराने बेटे पालथी घालून पाहण्याजोग्या जागांची माळ ओवली असणार. मला तसे वाटत नाही. हा नकाशा पर्यटकांसाठी काढलेलाच नव्हता. त्याचा बराचसा भाग उसाने आखला आणि उरलेला अमेरिकेच्या १८८६च्या एका कायद्याने. हे ध्यानात घेतले, तर कोणत्या बंदरात काय आहे आणि काय नाही याचा उलगडा होतो, आणि हातात असलेले थोडे तास कुठे घालवावेत हेही अधिक चांगले ठरवता येते.

आधी किनारा पाहू. ही बेटे समुद्रतळातून वर आलेल्या ज्वालामुखींची आहेत. कुठे शेकडो फुटांचे कडे थेट पाण्यात उतरतात, तर कुठे प्रवाळाचा कठडा किनाऱ्यापर्यंत मोठे जहाज येऊ देत नाही. वर्षाचा बराच काळ ईशान्येकडून वारे वाहतात, त्यामुळे प्रत्येक बेटाची एक बाजू हिरवी, ओली आणि खवळलेल्या समुद्राची असते, तर दुसरी कोरडी आणि शांत. मोठ्या जहाजाला निसर्गतः सुरक्षित असा सहज वापरता येणारा आसरा होनोलुलूलाच होता. नुउआनू खोऱ्यातून येणाऱ्या गोड्या पाण्यात प्रवाळ वाढत नाही, म्हणून तिथे कठड्यात आपोआप वाट राहिली. बेटांवर प्रथम वस्ती करणाऱ्या पॉलिनेशियन लोकांना अशा बंदराची गरज नव्हती. त्यांच्या जोडनौका वाळूवर ओढून घेता येत. १८१९पासून येऊ लागलेल्या देवमाशांच्या शिकारी जहाजांनाही धक्का लागत नसे. माउईच्या आडोशाच्या बाजूला लाहाइनासमोर ती उघड्या समुद्रात नांगर टाकत आणि होड्यांमधून पाणी, रताळी, मांस भरून घेत. १८४५पर्यंत राजधानी असलेले आणि त्या काळी जहाजांनी गजबजलेले लाहाइना बंदर म्हणावे असे कधीच नव्हते. ते नांगर टाकायची चांगली जागा होते.

उसाने हे सगळे बदलले. साखरेची पोती ओली होऊन चालत नाहीत, हंगाम थांबत नाही, आणि एका कारखान्याचा माल होड्यांच्या दोन-चार खेपांत मावत नाही. १८७५मध्ये हवाईचे राज्य आणि अमेरिका यांच्यात परस्पर सवलतींचा करार झाला, पुढच्या वर्षी तो अमलात आला, आणि हवाईची साखर अमेरिकेत करमुक्त विकली जाऊ लागली. त्याच १८७६ साली कॅलिफोर्नियाचा साखरसम्राट क्लाउस स्प्रेकल्स बेटांवर उतरला. दोनच वर्षांत त्याने राजा कालाकाउआकडून माउईच्या पाण्याचे हक्क मिळवले आणि त्या बेटाच्या कोरड्या मधल्या पट्ट्यात कालव्यांवर ऊस उभा केला. हा पट्टा जिथे उत्तरेच्या समुद्राला मिळतो तिथे काहुलुई आहे. वाऱ्याच्या तोंडावरची ही जागा कोणा दर्यावर्द्याने स्वतःहून निवडली नसती, पण मळ्यांना तीच जवळची होती. म्हणून तिथे रेल्वे आली, मग लाटा अडवणारे बांध आले. हवाई बेटाच्या हामाकुआ किनाऱ्यावर तर बांधालाही जागा नव्हती. तिथे कड्यावरून समुद्रात उभ्या असलेल्या जहाजापर्यंत जाड तार ताणत आणि साखरेची पोती तिच्यावरून खाली सोडत. विल्यम मॅटसन १८८२मध्ये ‘एमा क्लॉडिना’ हे शिडाचे जहाज घेऊन हिलोला आला तो मळ्यांसाठी माल घेऊनच. त्याच्या कंपनीने पुढे हवाईच्या समुद्री वाहतुकीवर दीर्घकाळ पकड ठेवली. हिलोचा लाटरोधक बांध १९०८मध्ये सुरू झाला आणि १९२९मध्ये पुरा झाला. सुमारे तीन किलोमीटर लांबीची ती दगडांची रास हंगामातल्या साखरेसाठी घातली गेली. काउआईवर नाविलिविलीचे बंदर १९३०मध्ये खुले झाले, तेही मळ्यांसाठीच. आजच्या फेऱ्यातील काहुलुई, हिलो आणि नाविलिविली या तिन्ही बंदरांची जन्मकथा अशी एकच आहे.

या बंदरांना जोडणाऱ्या आगबोटींनी काय वाहिले, हेही पाहायला हवे. १८७३ साल घेऊ. त्या वर्षी इंग्रज प्रवासिनी इझाबेला बर्ड ‘किलावेआ’ नावाच्या आगबोटीने होनोलुलूहून हिलोला गेली आणि तिथून घोड्यावरून त्याच नावाच्या ज्वालामुखीवर पोचली. तिचे प्रवासवर्णन १८७५मध्ये प्रसिद्ध झाले आणि हवाईकडे पाहुण्यांना खेचणाऱ्या पुस्तकांत त्याची गणना होते. १८७३च्याच मे महिन्यात त्याच ‘किलावेआ’वरून बेल्जियमचा धर्मगुरू फादर डेमियन मोलोकाईला उतरला. बरोबर गुरे होती, आणि कुष्ठरोग झाला म्हणून घरच्यांपासून तोडून कायमचे कालाउपापाच्या द्वीपकल्पावर पाठवले जाणारे रुग्ण होते. १८६६पासून हे रुग्ण असेच बोटीने नेले जात. मागून चीन, जपान, पोर्तुगालची बेटे, प्वेर्तो रिको आणि फिलिपाइन्स इथून आणलेले मळ्यांचे मजूर होनोलुलूला उतरत आणि तिथून डेकवर दाटीने बसून आपापल्या बेटावर पोचवले जात. १८८३मध्ये स्थापन झालेली इंटर-आयलंड स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आणि तिची प्रतिस्पर्धी वाइल्डर कंपनी १९०५मध्ये एक झाल्या, आणि बेटांमधली जवळपास सगळी ये-जा एका हातात आली. आज ज्या खाड्या आणि सामुद्रधुन्या आपण रात्री झोपेत पार करतो, त्यांतून हवाईच्या समाजाची घडण झाली आहे. म्हणूनच या फेऱ्याकडे निव्वळ मौज म्हणून पाहणे मला अपुरे वाटते.

यावर कोणी म्हणेल, हिलोला लोक ज्वालामुखीसाठीच जात होते, मग पर्यटनाने नकाशा घडवला नाही असे कसे म्हणता? आक्षेप वजनदार आहे. ज्वालामुखीच्या कड्यावर ‘व्हॉल्कॅनो हाउस’ हे हॉटेल १८६६पासून आहे, आणि मार्क ट्वेन त्याच वर्षी तिथे जाऊन आला. पण बर्ड आणि ट्वेन ज्या जहाजांनी गेले ती टपाल, गुरे, किराणा आणि उतारू वाहणारी जहाजे होती. पाहुणे त्यांत बसत, त्यांच्यामुळे जहाज सुटत नसे. मूठभर पाहुण्यांसाठी कोणीही तीन किलोमीटर बांध घातला नसता. शिवाय पर्यटन आणि साखर ही दोन वेगळी माणसे नव्हती. राणी लिलिउओकालानीला १७ जानेवारी १८९३ रोजी पदच्युत करणाऱ्या कटातला अग्रणी लॉरिन थर्स्टन ‘व्हॉल्कॅनो हाउस’च्या मालकांपैकी एक होता, आणि १९१६मध्ये झालेल्या ज्वालामुखीच्या राष्ट्रीय उद्यानासाठी त्यानेच जिवाचे रान केले. साखरेच्या बाजारासाठी अमेरिकेशी विलीनीकरण हवे असलेला वर्गच पाहुण्यांनाही बोलावत होता. कोनाची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती माझ्या मांडणीला मुरड घालते हे मी मान्य करतो. कामेहामेहा पहिला आपल्या शेवटच्या वर्षांत तिथे राहिला आणि १८१९मध्ये तिथेच वारला. १८२०मध्ये पहिले मिशनरी त्याच किनाऱ्यावर आले. तिथे उसाचे बंदर झाले नाही. गुरांना पोहत न्यायचे, होडीच्या कडेला बांधायचे आणि झोळीने जहाजावर उचलायचे, अशी तिथली रीत होती. आगबोट कंपनीने १९२८मध्ये ‘कोना इन’ बांधले तेव्हा तिथे खरे पर्यटन सुरू झाले. आजही मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. समोर नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर पोचवते.

दुसरा आक्षेप विमानांचा. जहाजे मेली ती विमानांमुळे, कायद्याला कशाला दोष द्यायचा? बेटांमधली प्रवासी आगबोट विमानानेच संपवली, हे खरे आहे. ते विमान स्वतः आगबोट कंपनीनेच आणले होते. इंटर-आयलंड कंपनीने काढलेल्या विमान कंपनीने ११ नोव्हेंबर १९२९ रोजी सिकोर्स्कीच्या जलस्थल विमानांनी सेवा सुरू केली, आणि आजची हवाईयन एअरलाइन्स ती हीच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आगबोटींची प्रवासी सेवा थांबली. महासागरातही तेच झाले. १९२७पासून ‘मालोलो’ आणि मग ‘लर्लाइन’सारखी मॅटसनची पांढरी जहाजे होनोलुलूला येत तेव्हा अलोहा टॉवरच्या पायथ्याशी बँड वाजे, फुलांच्या माळा घातल्या जात. त्याच वर्षी मॅटसनने वाइकीकीला ‘रॉयल हवाईयन’ हॉटेल उघडले होते. १९५९मध्ये जेट आले, हवाई अमेरिकेचे राज्य झाले, आणि १९७०मध्ये मॅटसनने प्रवासी जहाजे सोडून दिली. पण विमानांनी गरजेचा प्रवास मारला, हौसेचा नव्हे. १९८०मध्ये ‘इंडिपेंडन्स’ आणि मग ‘कॉन्स्टिट्यूशन’ ही १९५१ची दोन जुनी जहाजे बेटांभोवती फिरू लागली आणि ती प्रवाशांविना राहिली नाहीत. मागणी होती, तर जहाजे अवघी दोन आणि तीही इतकी जुनी का? याचे उत्तर विमानांत सापडत नाही. ते कायद्यात आहे.

तो कायदा १८८६चा. अमेरिकेच्या एका बंदरात चढलेला प्रवासी परदेशी ध्वजाच्या जहाजाने दुसऱ्या अमेरिकी बंदरात नेऊ नये, असे त्याचे सार. ते काम अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकी मालकीच्या आणि अमेरिकी खलाशांच्या जहाजानेच करायचे. हा कायदा झाला तेव्हा होनोलुलूच्या राजवाड्यात कालाकाउआ राज्य करत होता. वॉशिंग्टनच्या संसदेने हवाईचा विचारही केला नसेल. १८९८मध्ये विलीनीकरण झाले, १९००च्या कायद्याने किनारी वाहतुकीचे अमेरिकी नियम बेटांना लागू झाले, आणि दुसऱ्या किनाऱ्यांसाठी शिवलेला अंगरखा हवाईच्या अंगावर चढला. त्याचे परिणाम आजच्या प्रवाशाला थेट भोगावे लागतात. कॅलिफोर्नियाहून निघणारी परदेशी ध्वजाची मोठी जहाजे चार-पाच दिवस समुद्र कापून हवाईला येतात आणि परतताना काही तासांसाठी मेक्सिकोच्या एन्सेनाडाला टेकतात, ती केवळ या कायद्यासाठी. २००१पासून काही वर्षे ‘नॉर्वेजियन स्टार’ होनोलुलूहूनच फेऱ्या करत असे, पण त्यासाठी तिला सुमारे १,९०० किलोमीटर दक्षिणेला किरिबाटीच्या फॅनिंग बेटापर्यंत जावे लागे, आणि आठवड्यातला मोठा वाटा त्या वाटेत मोडे. ‘प्राइड ऑफ अमेरिका’ची कहाणी याहून बोलकी आहे. तिचा सांगाडा मिसिसिपीच्या पास्कागुलात अमेरिकी कंपनीसाठी सुरू झाला. २००१मध्ये त्या कंपनीचे दिवाळे निघाले. सांगाडा जर्मनीला ओढून नेऊन पुरा करण्याची खास परवानगी संसदेने दिली. जानेवारी २००४च्या वादळात ते जहाज तिथल्या धक्क्यालाच अर्धवट बुडाले, आणि अखेर २००५मध्ये ते हवाईला रुजू झाले. वर्षभर निव्वळ बेटांभोवती फिरणारे मोठे जहाज आज हे एकच आहे. बंदरांची दाटी असलेला हा फेरा म्हणजे केवळ कोणा कंपनीची कल्पकता नव्हे. परदेशी बंदराला जाण्याच्या सक्तीतून सुटलेल्या जहाजालाच तो जमतो.

कायद्याचे समर्थक म्हणतात की त्याच्यामुळे अमेरिकी खलाशांना रास्त वेतनाची नोकरी मिळते, आणि जहाजे कमी राहिल्याने छोट्या बेटांवर गर्दीचा लोंढा येत नाही. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. दुसऱ्या मुद्द्याला मात्र बेटांनी स्वतःच उत्तर दिले आहे. ऑगस्ट २००७मध्ये ‘सुपरफेरी’ ही मोटारींसह माणसे वाहणारी वेगवान नौका बेटांमध्ये सुरू झाली. ती अमेरिकेतच बांधलेली होती, म्हणजे कायद्याची अडचण नव्हती. तरी नाविलिविलीच्या मुखाशी शेकडो लोक जमले, आणि सर्फबोर्ड आणि छोट्या होड्या घेऊन पाण्यात उतरलेल्यांनी तिला अडवले. देवमाशांना होणारी धडक, बाहेरच्या कीटक-वनस्पतींचा फैलाव, रस्त्यांवरचा ताण, आणि पर्यावरणाची तपासणी न करता दिलेली परवानगी, या त्यांच्या तक्रारी होत्या. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने तपासणी आवश्यक ठरवली आणि मार्च २००९मध्ये सेवा बंद पडली. बेटांना गर्दीपासून वाचवायचे असेल तर ते काम स्थानिक लोक आणि स्थानिक न्यायालये करू शकतात, त्यासाठी १८८६चा कायदा लागत नाही. मला खरे दुःख वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. २०१६मध्ये मोलोकाईची फेरीही थांबली, आणि माउई-लानाईसारखा अपवाद सोडला तर हवाईच्या माणसाला शेजारच्या बेटावर समुद्रातून जाण्याची सोय उरलेली नाही. ज्यांचे पूर्वज नौकांतून इथे आले त्यांना विमानाचे तिकीट काढावे लागते, आणि समुद्राची वाट पाहुण्यांकडे राहिली आहे.

आता हा इतिहास हाताशी ठेवून आठवडा कसा आखावा? पहिली गोष्ट, होनोलुलू फेऱ्याचे केवळ दार आहे असे समजू नये. जहाज तिथे प्रवासी चढवते आणि उतरवते, त्यामुळे होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूसाठी निघण्याआधी दोन-तीन दिवस वेगळे ठेवावेत. राणीला १८९५मध्ये जिथे कैदेत ठेवले तो इओलानी राजवाडा पाहिल्याशिवाय पुढच्या बंदरांचा अर्थ लागत नाही. काहुलुई साखरेचे बंदर असल्याने धक्क्याबाहेर पडताच रम्य किनारा मिळत नाही, गोदामे दिसतात. तिथे भाड्याची मोटार हवी. जहाज रात्रभर थांबते म्हणून ३,०५५ मीटर उंचीच्या हालेआकालावर सूर्योदयाला जाता येते, पण त्यासाठी आधी आरक्षण लागते. दुसऱ्या दिवशी पुउनेनेला जावे. तिथली गिरणी हवाईतली शेवटची साखर गिरणी होती, ती डिसेंबर २०१६मध्ये बंद झाली. लाहाइना ऑगस्ट २०२३च्या आगीत भस्म झाले. तिथे पाहण्यासाठी म्हणून जाऊ नये, जायचेच असेल तर तिथल्या लोकांच्या दुःखाचा मान राखून जावे. हिलो ओले गाव आहे, छत्री घेऊनच उतरावे. किलावेआ तिथून पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि दिवस त्यात जातो, पण येताजाता वाइआकेआचे घड्याळ जरूर पाहावे. २३ मे १९६० रोजी चिलीच्या भूकंपाची लाट आली त्या रात्री ते एक वाजून चार मिनिटांवर थांबले. त्या लाटेने हिलोत ६१ माणसे गेली. साखरेसाठी घातलेला बांध वाऱ्याच्या लाटांपुरता होता, १९४६च्या लाटेने तर त्याचाच मोठा भाग उखडला होता. कोनाला छोट्या बोटींमुळे वेळ जातो, म्हणून दूरचा बेत न करता अहुएना हेइआऊ हे मंदिर आणि हुलिहेए राजवाडा पायीच पाहावेत. डिसेंबर ते एप्रिल या काळात गेल्यास माउईच्या आसपासच्या पाण्यात कुबड देवमासे दिसण्याची शक्यता मोठी असते, मात्र हिवाळ्यात समुद्रही जास्त खवळतो.

नाविलिविलीहून निघाल्यावर शुक्रवारी दुपारी जहाज काउआईच्या वायव्येला ना पालीच्या कड्यांसमोरून जाते. फेऱ्यातला हा एकच तुकडा असा की तिथे ऊस नव्हता, बंदर नव्हते, आणि जहाज केवळ पाहण्यासाठी वळते. त्या कड्यांमागच्या कालालाऊ खोऱ्यात पाणथळ अळूची शेते होती आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत माणसे राहत होती. कुष्ठरोग झालेला कोओलाऊ नावाचा गुराखी, बायकोला मागे ठेवून मोलोकाईला जायचे नाकारून, बायको आणि मुलासह तिथे लपला. १८९३च्या उन्हाळ्यात, राणीला हटवून काही महिनेच झाले असताना, नव्या सरकारने त्याला पकडायला होनोलुलूहून आगबोटीने सैनिक आणि तोफ पाठवली. तो सापडला नाही. पुढची काही वर्षे तो त्याच खोऱ्यात राहिला आणि तिथेच वारला. त्याची बायको पिइलानी एकटी परत आली आणि तिने सांगितलेली हकिकत १९०६मध्ये हवाईयन भाषेत छापली गेली.